सातव्या महिन्यातली राखण

“मॅडम, झोपच लागत नाही. बाळावर काही परिणाम नाही ना होणार?”

कणकवलीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन महिन्याला चार-पाच जणी तरी येतात. कुणाला डॉक्टरांनी पाठवलेलं असतं, कुणाला आशाताईंनी, कुणाला नणंदेने. पहिल्या तीन महिन्यांत याच बायका भाजी निवडता निवडता पेंगत होत्या. सातवा लागतो आणि झोप उडते. पोट जड, तासातासाला लघवी, छातीत जळजळ, पोटरीत गोळे, आणि आपण पाठ टेकली रे टेकली की बाळाची उसळी. यातलं निम्मं शरीराचं, त्यावरचे उपायही शरीराचेच. उरलेलं निम्मं माझ्याकडे येतं.

उत्तर आधीच देऊन टाकते: दोन-चार वाईट रात्रींनी बाळाचं काही बिघडत नाही. पोटातलं बाळ त्याच्या वेळेने झोपतं, त्याच्या वेळेने उठतं. आई जागी आहे म्हणून ते जागत बसत नाही. हे सांगितलं की बऱ्याच जणींचे खांदे तिथल्या तिथे खाली येतात. प्राचीचे (नाव बदललंय) आले नाहीत.

देवगड तालुक्यातलं गाव, वय २९, तिसावा आठवडा. नवरा विरारला राहून नोकरी करतो, महिन्यातून एकदा येतो. घरात ही आणि सासूबाई. झोप का लागत नाही, असं मी कधी विचारत नाही. ‘का’ला माणूस विचार करून उत्तर देतो. मी विचारते, काल रात्री काय काय केलंस ते सांग.

साडेनऊला आडवी झाली, डाव्या कुशीवर. उजवी कूस बाळाला वाईट, असं मोबाईलवर ऐकलेलं. तासाभरात हात बधिर. कूस बदलायची तर आधी उठून बसायचं आणि मग वळायचं, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते, असं शेजारच्या काकींनी सांगितलेलं. त्यामुळे रात्रीतून सात-आठ वेळा ही बिचारी टुणकन उठून बसायची. मध्ये मध्ये मोबाईलवर वेळ बघायची आणि हिशेब मांडायची: आता झोपले तर साडेतीन तास, आता झोपले तर अडीच.

नाळेचं मी तिथेच निस्तरलं. बाळ स्वतः फिरतं म्हणून नाळ गुंडाळली जाते, आईच्या कूस बदलण्याशी तिचा संबंध नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावं हे खरं, पण डावी-उजवी दोन्ही चालतात. जाग आल्यावर आपण उताणे आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं.

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. मी विवेकनिष्ठ विचारसरणीत, म्हणजे मनातला ‘पाहिजेच’चा हट्ट सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीत, वाढलेली बाई. आपल्या माणसांचं निम्मं दुखणं ‘च’ या एका अक्षरात असतं, हे माझं बावीस वर्षांचं निरीक्षण. ‘झोप यावी’ म्हणणारा पडून राहतो. ‘झोप आलीच पाहिजे’ म्हणणारा झोपेच्या मागे काठी घेऊन धावतो, आणि झोप पुढे पळते. प्राचीने सगळं नीट वहीत लिहून घेतलं. या ‘च’ने मी किती जणींना झोपवलंय, ते सांगत बसत नाही.

दोन आठवड्यांनी आली. मोबाईल आता स्वयंपाकघरात ठेवते, कूस पडल्या पडल्या बदलते, सुरुवातीची झोप तास-दीड तासाने वाढलीय. “पण दोन वाजता दचकून जाग येते ती येतेच. ‘च’ काढला मॅडम, तरी डोळे उघडतातच.” मग स्वतःच हसली. “हा एक ‘च’ राहिला.”

“दोन वाजता डोळे उघडले की पहिलं काय करतेस?”

“पोटावर हात ठेवते.”

“मग?”

“हललं की बरं वाटतं. नाही हललं तर दाबून बघते, साखर खाते. हलेपर्यंत.”

“हललं की झोपतेस?”

“नाही. मग परत हलायची वाट बघते.” आणि सहज म्हणाली, “बाबा आंब्यांच्या दिवसांत बागेत राखणीला जायचे ना, तसं झालंय माझं.”

असं जाता जाता आलेलं वाक्य सोडायचं नाही, हे मी चुकत चुकत शिकलेय. विचारलं, “राखणीला बसलेला माणूस झोपला तर?”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर पावसाची सर आली आणि गेली, तोवर दोघी गप्प होतो.

“दोन वर्षांपूर्वी मी झोपले होते, मॅडम.”

तिसरा महिना होता. दुपारी जेवून आडवी झाली, डोळा लागला. उठली तेव्हा अंगावरून जात होतं. पहिलं मूल गेलं. तिच्या फाइलीत ही गोष्ट एका ओळीत लिहिलेली होती आणि मी ती वाचून पुढे गेले होते. त्या दिवसांत सासूबाई एकदाच बोलल्या होत्या, “दुपारची इतकी निजतत काय?” एकदाच. पण तेवढं पुरलं.

मी दोन आठवडे तिला झोप आणून देत होते आणि ती दोन वर्षं झोपेला हाकलत होती. आमच्या कोकणात गावाला राखणदार असतो, बागेला राखण्या असतो, आणि दोघांचाही डोळा लागू नये अशी अपेक्षा असते. ही बाई त्याच कामावर होती.

तिला खरं ते सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्या वेळा तरी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. दुपारच्या झोपेने गर्भपात होत नाही. ती मान हलवत होती, पण पटल्यासारखी नाही. तेव्हा मला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती कुठल्या पुस्तकामुळे नाही: राखणीवरचा माणूस समजूत घातल्याने घरी जात नाही. पाळी बदलायला दुसरा आला, की जातो.

पुढच्या वेळी सासूबाईंना बोलावलं. मला धाकधूक होती. प्राचीने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाई बराच वेळ पिशवीचे बंद कुरवाळत बसल्या. मग म्हणाल्या, “माजा पण एक गेला. चवथ्या म्हयन्यात. तेवा मी लावणीक होतंय. जागीच होतंय.”

प्राचीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं. तिला हे माहीतच नव्हतं.

पुढचं त्यांनीच ठरवलं, मी फक्त वहीत उतरवलं. “माका तशीय तीन वाजल्यापासून झोप नसता. रातची राखण माजी. तू दिसाची कर.” सासूबाईंचं अंथरूण माजघरातून प्राचीच्या खोलीत आलं. रात्री जेवल्यावर प्राचीने शांत बसून बाळाची हालचाल बघायची, सासूला सांगायचं आणि आडवं व्हायचं. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर रात्र असो की पहाट, सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एरवी दोन वाजता तपासणी नाही.

सगळ्यांचं दुखणं इतकं खोल नसतं. म्हणून साध्या गोष्टीही सांगते. जेवण झोपेआधी दोन-तीन तास, तिखट सार असेल तर आणखी लवकर. मालिका संपल्यावर जेवणाऱ्या घरांत जळजळ ठरलेलीच. सोलकढी कुणाला मानवते, कुणाला नाही, स्वतःचं पोट ओळखा. डोक्याची बाजू गोधडीची घडी गादीखाली घालून उचला. पाणी दिवसभर भरपूर, झोपायच्या आधी कमी. संडास परसात असलेल्या बायका पावसाळी रात्रीच्या भीतीने दुपारपासूनच पाणी तोडतात, ते मात्र नको. त्यापेक्षा बॅटरी आणि सोबत ठरवून ठेवा. चहा चारनंतर नको. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर तळमळत पडू नका. मंद उजेडात जरा बसा, तांदूळ निवडा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

पायांत रात्री मुंग्या चालल्यासारखं होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा लोह कमी असतं. सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबाच्या सरबताबरोबर बरी. सासूबाईंच्या डब्यातली झोपेची गोळी तर मुळीच नको. ते डॉक्टरच ठरवतील.

तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल आणि पुरळ नसेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, किंवा बीपी वाढलेलं असून मोठ्याने घोरायला लागला असाल, तर माझ्याकडे नका येऊ, सरळ डॉक्टरांकडे जा. आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. मीही तो माझ्या दारावर लावलाय.

प्राचीची पुढची वेळ गुरुवारी अकराची होती. तिच्या गावाहून नऊची एसटी. साडेनऊला फोन वाजला, सासूबाईंचा, दबक्या आवाजात.

“मॅडम, ती अजून निजली हा. उठवू काय?”

मी म्हटलं, राहू दे.