आधी पूर्ण नंबर विचारा, मग भाव

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : काकू, माझा मुलगा यंदा पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखेत गेला. त्याला घरी संगणक हवा आहे. मॉनिटर आहे, माझ्या भावाने दिलेला. इथे नागपुरात बर्डीला एका दुकानात विचारलं, तर ते म्हणाले, ‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, २२ हजारांत घेऊन जा.’ मुलगा म्हणतो, सुटे भाग आणून मीच जोडतो, ४० हजार दे. त्याचे बाबा म्हणतात, आय-सेव्हन स्वस्तात मिळत असताना पोराला जास्तीचे पैसे कशाला? मी शिवणकाम करते, मला यातलं काही समजत नाही. कोणाचं ऐकू? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. पण पैसे हातात द्यायच्या आधी त्याच्याकडून यादी लिहून घ्या. तिच्यात ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) सगळ्यात वर आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) सगळ्यात खाली असेल, तर ती परत करा. २६ वर्षं लॅबमध्ये काढली मी, पोरांच्या याद्या मला पाठ आहेत.

आधी तुमच्या घरच्यांच्या आय-सेव्हनबद्दल. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव आहे, ताई. नाव त्याच्या पुढे असतं. दुकानात जाऊन एवढंच विचारा, ‘दादा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर सांगा.’ ३७७० असा चार आकडी नंबर आला, तर पहिला आकडा पिढीचा. म्हणजे तिसरी पिढी, बाजारात आली २०१२ साली. तुमचा मुलगा तेव्हा अंगणवाडीतही जात नसेल. आता आय-थ्री १२१०० घ्या. इथे पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोन्हींत कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे मेंदू) चारच, थ्रेड (एका वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा) आठच, पण कामाला हा नवा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला कितीतरी मागे टाकतो. शिवाय जुन्याला रॅम (चालू कामापुरती स्मृती) लागते डीडीआर-थ्री या जुन्या जातीची, जी पुढे दुसऱ्या कशालाच चालत नाही. विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालते त्यांत तो बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार खोटं बोलत नाही बरं का. आय-सेव्हनच देतो आहे, फक्त साल सांगत नाही. प्रोसेसर वापरलेला आणि बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात) चकचकीत नव्या डब्यात, अशी जोडी असली की बघणाऱ्याला सगळंच नवं वाटतं.

मुलाच्या कामाला काय लागेल? प्रोग्रॅमिंग, थोडं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि, तो तुम्हाला सांगणार नाही, पण गेम. यासाठी मी एएमडी कंपनीचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी सांगेन. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि शेवटचा तो ‘जी’ महत्त्वाचा : ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड नको. नुसता ५६०० घेतला तर आत ग्राफिक्स नाही, कार्ड घेईपर्यंत पडदा काळा. आय-थ्री, आय-सेव्हन बनवणाऱ्या इंटेलचं उलटं आहे. तिथे नंबरामागे ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. दुकानात एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून पोरं तोच उचलतात आणि संध्याकाळी मला फोन करतात.

५६००जी ला एएम-फोर सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) बोर्ड लागतो, बी४५० किंवा बी५५०. बी४५० घेतला तर ‘बायोस ५००० मालिकेचं आहे ना?’ हे पैसे देण्यापूर्वी विचारायचं. बायोस म्हणजे बोर्डातलं, संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर. बरेच दिवस डब्यात पडून असलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. २०२२ पासून एएम-फाइव्ह सॉकेट आलं आहे, त्याला डीडीआर-फाइव्हच रॅम लागते. पुढे प्रोसेसर बदलायची सोय त्यात जास्त, पण ४० हजारांत ओढाताण होईल.

रॅम सोळाची एक पट्टी नको, आठच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांनी त्याला वाट दुप्पट मिळते. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायचा भाग, एनव्हीएमई जातीची घ्या, ५०० जीबी पुरे. ती बसवायचा स्क्रू तिळाहून थोडा मोठा असतो आणि तो बोर्डाच्या डब्यात असतो, एसएसडीच्या नाही. डबा रद्दीत देऊ नका.

आता एसएमपीएस. इथे मी जरा रेंगाळणार.

२००६ साली मी घरी पहिला संगणक जोडला. लॅबमध्ये रोज हेच काम, तरी स्वतःच्या घरी कंजुषी केली. कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट होता, वर ५०० वॅट छापलेलं. मे महिना, दुपारची वेळ, वीज गेली आणि परत आली ती अशी आली की ट्यूबलाइट आधी लखलखली. मग ‘फट्’ आवाज आणि जळक्या फटाक्याचा वास. एसएमपीएस गेला, जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. मुलीच्या बारशाचे फोटो त्यावर होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. संध्याकाळी तो फुकटचा डबा उघडला, तर आत येणारी वीज साफ करणाऱ्या गाळणीतले (फिल्टरमधले) भाग बसवायच्या जागा बोर्डावर छापलेल्या होत्या, भाग मात्र बसवलेलेच नव्हते. त्यांच्या जागी साधी तार जोडून दिली होती.

म्हणून सांगते, वर मोठ्या अक्षरांत काय छापलं ते वाचू नका. बाजूचं स्टिकर वाचा. त्यावर चौकटी असतात, त्यातली ‘+१२ व्होल्ट’ ची चौकट शोधा आणि खालच्या अँपिअरला बाराने गुणा. संगणकाची खरी भूक या १२ व्होल्टवर भागते. माझ्या त्या ५०० वॅटवाल्यावर १६ अँपिअर होते. सोळा बारे १९२. बाकीचे तीनशे वॅट नुसते शाईत. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३६ अँपिअरच्या आसपास दिसतील, म्हणजे ४३२ वॅट. इतवारीत सोनं घेताना तुम्ही वजनाचा काटा बघता ना, तसंच हे. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो याचा) शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. उद्या त्याने ग्राफिक्स कार्ड आणलंच, तर मध्यम कार्डाला तो पुरतो. कार्ड आज नको. दोन वर्षांनी स्वतःच्या पैशाने घेऊ दे.

कॅबिनेट निवडताना मुलगा काचेचा दर्शनी भाग आणि रंगीत दिव्यांचे पंखे दाखवेल. दिवे असू द्या, पण समोर जाळी हवी. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३५ च्या वर. पंखा खोलीतलीच हवा आत फिरवतो, खोलीपेक्षा गार तो काही करू शकत नाही. ती हवा तरी मोकळी आत गेली पाहिजे. समोरून दोन पंखे आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा.

आणि संगणक कूलरच्या झोतात ठेवू नका. गार हवा मिळते म्हणून लोक मुद्दाम तिथेच टेबल लावतात. कूलर हवेसोबत बारीक तुषार फेकतो, आणि बोअरच्या पाण्याचा कूलर असेल तर तुषारांत क्षारही. कूलरच्या ताट्यांवर पांढरी पापडी धरते ना, ती रॅमच्या सोनेरी टोकांवर धरलेली मी पाहिली आहे. संगणक आणि कूलर एका एक्स्टेंशन बोर्डवरही नको.

शेवटी भिंतीतलं. तिथे मुलाची यादी चालत नाही, इलेक्ट्रिशियन लागतो. त्याला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं पुष्कळ वाचक लिहितात. एसएमपीएसच्या गाळणीचा बारीकसा प्रवाह अर्थिंगवाटे जायचा असतो. अर्थिंग नसलं की तो तुमच्या हातातून जातो. घरात दोन पिनांचा जुना सॉकेट असेल तर आधी तो बदला, मग संगणक. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. तो साधारण ३६० वॅट देतो, तुमचा संगणक मॉनिटरसकट त्याच्या निम्म्यावरच राहील. काम जतन करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला की झालं.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून. चार भाग चार दुकानांतून घेतले तरी चालेल, पण बोर्ड आणि प्रोसेसर एकाच ठिकाणी. नाहीतर बिघाड झाला की हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो ह्याच्याकडे.

यादी तयार झाली की मला पाठवा, मी लाल पेनने खुणा करून परत देईन.

प्रश्न : काकू, मी सेवानिवृत्त आहे. नातवासोबत हौसेने संगणक जोडला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर काही नाही. प्रोसेसर जळला का? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काका, प्रोसेसर इतक्यात जळत नाही. या क्रमाने बघा. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर असते. मोठी २४ पिनांची लावली की काम झालं असं वाटतं आणि ही राहून जाते. मग रॅम काढून परत बसवा, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबून. बोर्ड मोडेल या भीतीने लोक अर्ध्यावर थांबतात. मग मॉनिटरची वायर : ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

तरीही काळाच राहिला तर रॅमची एकच पट्टी ठेवून सुरू करा, मग दुसरी. प्रत्येक वेळी मागचं बटण बंद करून. आणि हे सगळं नातवाच्या हातून करवून घ्या, तुम्ही टॉर्च धरा.