आठवणींचा खोका भिंतीवर लावायचाय

प्रश्न : ताई, माझ्या कपाटात एक जुना बुटांचा खोका आहे. त्यात बाबांचं बंद पडलेलं घड्याळ, त्यांची दोन पत्रं, लेकीचे पहिले लोकरीचे बूट, मला शाळेत मिळालेलं चांदीचं मेडल, नाटकाची तिकिटं आणि एक वाळलेलं गुलाब असं बरंच काही आहे. काच असलेली खोल फ्रेम मिळते ना, तसली आणून सगळं एकत्र हॉलमध्ये लावायचा विचार आहे. ग्लू गनने चिकटवलं तर चालेल का?

उत्तर : ग्लू गन आधी लांब ठेव बघू! एकतर उन्हाळ्यात तो गोंद मऊ पडून वस्तू खाली येतात, आणि नाही आल्या तर त्याहून वाईट, कारण मग त्या काढायला गेलं की निम्म्या तिथेच राहतात. माझा साधा नियम आहे, जे परत सुटं करता येणार नाही ते लावायचंच नाही, मग फ्रेम कितीही झकास दिसो. सेलोटेपही नको, तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदावर जो डाग सोडतो तो जात नाही.

चिकटवायचं नाही तर मग शिवायचं. फ्रेमच्या मापाचा अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा (म्हणजे आम्ल नसलेला) घे, त्यावर धुऊन वाळवलेलं सुती कापड ताणून बसव. बुटांच्या आत अ‍ॅसिड-फ्री टिश्यू पेपर सैलसर भर म्हणजे आकार राहतो, मग कापडाच्याच रंगाचा सुती दोरा घेऊन सुई पुठ्ठ्याच्या मागून आण, विणीच्या दोन घरांच्या मधून जाऊ दे (लोकरीचा धागा फाडू नको हं) आणि परत मागे नेऊन गाठ मार, दोन-तीन टाक्यांत बूट बसतो आणि उद्या काढावासा वाटला तर नुसता दोरा कापायचा. मेडलही त्याच्या कडीतून असंच. घड्याळाचा पट्टा कापडाच्या छोट्या गुंडाळीभोवती लावून ती गुंडाळी बांध, पण त्याआधी एक काम आठवणीने कर, घड्याळ सेलवालं असेल तर सेल काढून टाक, कारण जुना सेल आत गळला की मशीनची वाट लागते.

आता तुझ्या यादीत एक गंमत आहे, लोकरीचे बूट आणि चांदीचं मेडल एकाच बंद काचेत. लोकरीत गंधक असतं, त्यातून निघणाऱ्या वायूने चांदी काळी पडते, आणि बंद पेटीत तो वायू जाणार कुठे? रबराचंही तेच. म्हणून मेडलला वेगळी छोटी फ्रेम कर. लोकरीला कसर लागते, तेव्हा बूट आणि फूल दोन्ही नीट बघून घे, फूल पूर्ण कडक वाळलेलं हवं, जरासा ओलावा असला तर काचेच्या आत बुरशी ठरलेली.

पत्रांबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. मूळ पत्रं भिंतीवर लावूच नकोस. शाई आणि कागद दोन्ही उजेडाने उडतात आणि उडालेलं काही केल्या परत येत नाही, म्युझियममध्ये जुने कागद 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास म्हणजे अगदी मंद उजेडात ठेवतात ते उगाच नाही. रंगीत कॉपी काढून ती लाव, कोणाला कळतही नाही, आणि मूळ पत्रं घडी उलगडून फाइलमध्ये ठेव, पीव्हीसी प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटात नको.

फ्रेम घेताना सगळ्यात जाड वस्तू मोज आणि वर निदान एक सेंटीमीटर धर, काचेला काही टेकता कामा नये. यूव्ही म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर उत्तमच, तरी थेट ऊन येणारी भिंत नकोच, ओल येणारीही नको. आणि हो, सगळं कोंबू नकोस! आधी जमिनीवर मांड, मोबाइलवर फोटो काढ, एक वस्तू कमी करून परत काढ, फोटोत गर्दी पटकन दिसते. उरलेलं खोक्यातच राहू दे, वर्षभराने आलटूनपालटून लावता येईल.

प्रश्न : माझी सिनेमाची जुनी तिकिटं कोरी पडत चाललीत. अल्बममध्ये ठेवलीत, उन्हात नाहीत, तरी असं का? लॅमिनेट करू का?

उत्तर : लॅमिनेट अजिबात नको, तिकीट सरळ काळं होईल. ही बहुतेक थर्मल कागदाची असणार, त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदाचाच लेप काळा होतो आणि अक्षरं उमटतात, म्हणून तर गरम लॅमिनेशनमध्ये अख्खं तिकीट काळवंडतं. ऊन नसलं तरी मऊ प्लास्टिकच्या कप्प्यातली आणि गोंदातली रसायनं तो लेप उडवतात, तुझा अल्बम तसलाच असेल. आजच सगळी स्कॅन कर, पुसट झालेली आधी, स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला तर बरंच वाचता येतं. प्रिंट फ्रेममध्ये लाव आणि मूळ तिकिटं कागदी पाकिटात घालून थंड कपाटात टाक. तिकिटामागे पेन्सिलने तारीख आणि सोबत कोण होतं ते हलक्या हाताने लिहून ठेव, पेन्सिल उडत नाही.