शंका-समाधान : कप्प्या मोजू नका, दोर मोजा

प्रश्न : आमच्या आडावर छोट्या चाकाचा रहाट आहे. १५ लिटरची बादली शेंदताना आईचे खांदे भरून येतात. चाक मोठे बसवले तर वजन कमी लागेल का? (वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : वजन कमी होणार नाही, पण शेंदणे नक्की हलके होईल. आडावरची कप्पी जागच्या जागी फिरते. अशी स्थिर कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढायचे असल्याने अंगाचा भार दोरावर टाकता येतो, एवढाच तिचा फायदा. पाणी १५ किलो आणि बादली १ किलो धरली, तर निदान १६ किलोचा जोर लावावाच लागतो. ओल्या दोराचे वजन वेगळे.

त्यावर घर्षणाची भर पडते आणि आईला त्रास होतो तो बहुधा या घर्षणाचाच. चाकाच्या आसावर बादलीचा भार आणि आपली ओढ असे दोन्ही येतात, म्हणजे सुमारे ३२ किलो. आस १२ मिलिमीटर जाडीचा, गंजलेला आणि चाक ५० मिलिमीटरचे असेल, तर घर्षणासाठी आणखी ३ किलोच्या आसपास जोर जातो. त्याच आसावर १५० मिलिमीटरचे चाक बसवले की हा जादा जोर १ किलोवर येतो. बेअरिंगचे चाक घेतलेत तर तोही जवळपास जातो. मोठ्या चाकावर दोर कमी मुडपतो, म्हणून टिकतोही जास्त. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावा. आडवा वासा मात्र १६ किलोच्या नव्हे, ३२ किलोच्या हिशेबाने तपासा आणि हिसक्यांसाठी भरपूर जादा ताकद ठेवा.

प्रश्न : विहिरीतला ६० किलोचा सबमर्सिबल पंप वर काढायचा आहे. दोन कप्प्या आहेत. त्या कशा लावल्या म्हणजे जोर निम्मा लागेल? (शेतकरी वाचक, जि. सातारा)

उत्तर : दोन्ही कप्प्या वर टांगल्या तर जोर तेवढाच राहील, घर्षण मात्र वाढेल. एक कप्पी भाराबरोबर वर सरकली पाहिजे. तिला चल कप्पी म्हणतात. दोराचे एक टोक वरच्या तुळईला पक्के बांधा. दोर खाली नेऊन पंपाला अडकवलेल्या कप्पीखालून घ्या, परत वर आणून तुळईवरच्या स्थिर कप्पीवरून सोडा आणि मोकळे टोक ओढा. आता खालच्या कप्पीला किती दोरांनी धरले आहे ते मोजा : दोन. भार या दोघांत वाटला जातो. स्थिर कप्पीवरून तुमच्या हातात येणारा दोर यात धरायचा नाही. बहुतेक जण चुकतात ते इथेच.

आता खरा हिशेब. पंप ६० किलो, खालची कप्पी ३ किलो. पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर पाइपातले पाणी उतरत नाही. दोन इंच आतल्या व्यासाचा पाइप विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ३० फूट भरलेला असेल, तर सुमारे १८ किलो आणखी. एकूण ८१ किलो, पाइपाचे स्वतःचे वजन सोडून. निम्मे म्हणजे ४०.५ किलो, पण प्रत्येक कप्पीवर दहा टक्के घर्षण धरले तर ४७ किलोच्या आसपास ओढावे लागते. दोन माणसे हवीतच. तुळईवर मात्र सुमारे १२८ किलो येतात, कारण तुमची ओढही तिच्यावरच पडते.

जोर वाचला त्याची किंमत दोराच्या लांबीत द्यावी लागते. पंप ३० फूट वर यायला ६० फूट दोर ओढावा लागेल. कप्पी जमिनीपासून १० फूट उंच असेल तर १०० फूट दोर घ्या, तोही अखंड. गाठ कप्पीत अडकते.

दोन्ही दोर जवळजवळ समांतर हवेत. ते फाकले की फायदा घटतो : ६० अंशांच्या कोनाला प्रत्येक दोरावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो, ९० ला ७१, आणि १२० अंशांना पूर्ण भाराएवढा. पिळाचा दोर ताणाखाली उलगडतो, चल कप्पी गरगरते आणि दोन्ही दोर एकमेकांना वेढतात. म्हणून विणलेला दोर वापरा आणि पंपाला एक वेगळी बारीक दोरी बांधून बाजूने धरून ठेवा. खाचेपेक्षा बारीक दोर चाक आणि बाजूच्या पट्टीत घुसून गच्च बसतो.

आधी स्टार्टरचा नव्हे, मुख्य वीजपुरवठा बंद करा. केबलला धरून कधीही ओढू नका. पाण्यातून बाहेर येताना पंप अचानक जड लागतो. त्या वेळी हात सुटू नये म्हणून मोकळा दोर जवळच्या मजबूत खुंटाला तीन वेढे देऊन धरा. वेढ्यांच्या घर्षणाने भार एका माणसाच्या मुठीत राहतो. खाली विहिरीत कोणालाही उभे करू नका.

प्रश्न : गॅरेजमधल्या चेन कप्पीची साखळी सोडली तरी इंजिन खाली येत नाही. असे का? (विद्यार्थी, इयत्ता नववी)

उत्तर : जुन्या पद्धतीच्या चेन कप्पीत वर एकाच आसावर जोडलेली दोन चाके असतात, समजा १० आणि ९ दात्यांची. एका फेऱ्यात मोठे चाक १० कड्या ओढून घेते, धाकटे ९ सोडते. भार खालच्या चल कप्पीला टांगलेला असल्याने फक्त अर्ध्या कडीइतका चढतो, म्हणून जोर विसाव्या हिश्श्याचा लागायला हवा. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक श्रम घर्षणात जातात. पण त्याच घर्षणामुळे भार उलटा फिरवू शकत नाही! हल्लीच्या बहुतेक चेन कप्प्यांत दातेरी चाके असून भार धरायला वेगळा ब्रेक असतो. त्यावर तेल किंवा ग्रीस पडले तर भार घसरतो, म्हणून वर टांगलेल्या इंजिनाखाली कधीही वाकू नये.