प्रादेशिक युरोपीय विनोदी चित्रपट प्रथमच पाहताना

महोत्सवात युरोपातील एखाद्या प्रांताचा विनोदी चित्रपट पहिल्यांदाच पाहणार असाल, तर तिथली बोली कोणती आणि देशातील इतर लोक तिच्याकडे कसे पाहतात, एवढे तरी आधी वाचून जा. दिग्दर्शक दानी बून यांचा २००८ सालचा ‘बिअँव्हन्यू शे ले श्ती’ हा फ्रेंच चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. दक्षिणेतून उत्तरेकडील बेर्ग या गावी बदली झालेल्या टपाल अधिकाऱ्याची ही कथा असून, तिथल्या बोलीत ‘स’चा ‘श’ होत असल्यामुळे ‘त्याचे’ या अर्थाचा शब्द त्याला ‘कुत्रे’ असा ऐकू येतो आणि घरातल्या सामानावरून भलताच गोंधळ उडतो. इंग्रजी उपशीर्षकांत हा उच्चारांचा खेळ बराचसा हरवतो; म्हणून सारे लक्ष वाचण्यात न घालवता कान उघडे ठेवा. मालवणी किंवा वऱ्हाडी विनोद ऐकलेल्या प्रेक्षकाला हे मुळीच अवघड नाही. फ्रान्समध्ये या चित्रपटाची दोन कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. उत्तरेची ही थट्टा तिथेच जन्मलेल्या बून यांनी मायेने केली होती, हे त्यामागचे मोठे कारण असावे, असे मला मनापासून वाटते. आणि अगदी पुढच्या रांगेत बसू नका, कारण तिथून चेहरे व उपशीर्षके एकाच नजरेत मावत नाहीत.