आईचे पेटीसह अभंग घरी रेकॉर्ड करायचे आहेत. पंधरा हजारांच्या आत पहिला कंडेन्सर माइक कोणता घ्यावा?

आपल्या सत्तरीतल्या आई रोज सकाळी स्वतः पेटी वाजवत अभंग म्हणतात आणि ते आपल्याला घरीच, पुढच्या पिढीला ऐकावेसे वाटतील अशा प्रतीचे रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. जवळ लॅपटॉप आहे, घर ठाण्यात रस्त्याकडेला दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सगळे मिळून पंधरा हजारांच्या पुढे जायचे नाही, असे आपण लिहिले आहे. मी गेली बरीच वर्षे घरातल्या एका खोलीत भजनी मंडळींचे आणि गाणे शिकणाऱ्या मुलांचे रेकॉर्डिंग करते, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

माझे उत्तर ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी २०२० हा कंडेन्सर (वीज पुरवावी लागणारा, संवेदनशील) माइक हे आहे, आणि तोही थेट लॅपटॉपला जोडायचा यूएसबीचा नव्हे, तर एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीचा. त्याच्यासोबत बेहरिंगर यूएमसी २२ सारखा, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (तारेतूनच माइकला मिळणारी वीज) देणारा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, घ्यावा. हाच माइक का, हे समजून घेतलेत तर दुकानदाराने उद्या पाचवा माइक दाखवला तरी त्याची पारख आपल्यालाच करता येईल.

माइक निवडताना बहुतेकजण फ्रीक्वेन्सीचा आलेख पाहतात किंवा माइकच्या आतला, आवाजाने थरथरणारा पडदा किती मोठा आहे हे विचारतात. माझ्या मते आपल्या कामासाठी सर्वांत आधी पाहायचा आकडा म्हणजे सेल्फ-नॉइज, अर्थात समोर काहीच वाजत नसताना माइकच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी बारीक सळसळ. एटी २०२० चा हा आकडा २० डेसिबल आहे, त्याच कंपनीच्या एटी २०३५ चा १२ आणि रोड कंपनीच्या एनटी १-ए चा अवघा ५. नुसते आकडे पाहिले तर एनटी १-ए घ्यावा असेच कोणालाही वाटेल. परंतु शहरातली शांत मानली जाणारी झोपायची खोलीसुद्धा रात्री साधारण ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि रस्त्याकडेच्या घरात सकाळी त्याहून बरीच वर. म्हणजे २० डेसिबलची सळसळ आपल्या खोलीच्या आवाजाखाली आधीच झाकली जाणार आहे. ती ५ वर आणण्यासाठी मोजलेले जादा पैसे आपल्याला ऐकू येणारच नाहीत. एखाद्या खेड्यातल्या निवांत घरात नुसता तानपुरा किंवा अगदी हलक्या आवाजातले वाचन रेकॉर्ड करायचे असते, तर मी निराळा सल्ला दिला असता. पेटी आणि खुल्या गळ्याचे गाणे यांसाठी एटी २०२० पुरेसा शांत आहे.

याच आकड्याचा दुसरा उपयोग टाळायचे माइक ओळखण्यासाठी होतो. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सेल्फ-नॉइज दिलेलाच नसेल, तर तो माइक घेऊ नये. मी पहिल्यांदा घेतलेला संच असाच होता. मोठे सोनेरी जाळीचे डोके, स्टँड, स्पंज, सगळे एकाच खोक्यात आणि किंमत अगदी कमी. त्याची तार थेट लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात जात असे. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ओळीमागे पाऊस पडत असल्यासारखा आवाज येई आणि तो काढायला गेले की गाण्यातली श्वासाची जागाही निघून जाई. पुढे उघडून पाहिला तेव्हा त्या मोठ्या डोक्यात कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, नखाएवढा निघाला. त्या वर्षी रेकॉर्ड केलेली माझ्या मावशीची गौळण आज माझ्याकडे त्या पावसासकटच आहे, आणि मावशी आता गात नाहीत. म्हणूनच आपल्याला हे इतक्या आग्रहाने सांगत आहे.

आपण चौकशी कराल तेव्हा कोणीतरी नक्की म्हणेल की गोंगाटाच्या घरात कंडेन्सर नको, शूअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणारा) माइक घ्या, कारण तो बाहेरचा आवाज घेत नाही. हे अर्धेच खरे आहे. डायनॅमिक माइक शांत वाटतो, कारण तो ओठांना जवळजवळ टेकवून गायला जातो. तोच दीड फुटांवर ठेवला की खोली त्यातही तितकीच येते. आपल्याला एकाच माइकमध्ये गळा आणि पेटी दोन्ही हवी आहेत, म्हणजे अंतर ठेवणे भागच आहे, आणि तिथे संवेदनशीलतेचा प्रश्न येतो. एकाच आवाजाला एसएम ५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर एटी २०२० सुमारे १४, म्हणजे सात पटींहून जास्त. ही तूट भरून काढायला स्वस्त इंटरफेसचा गेन (माइकचा आवाज वाढवायचे बटण) शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मग इंटरफेसचीच सळसळ रेकॉर्ड होते. एसएम ५८ मंचासाठी उत्तम आहे, पण आपल्या कामाला तो नको.

यूएसबी माइक वाईट नसतात. ज्यांना केवळ बोलायचे आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. परंतु त्यात माइक आणि इंटरफेस एकाच डब्यात बंद असल्यामुळे एक बिघडला की दोन्ही जातात, आणि उद्या तबल्यासाठी दुसरा माइक हवासा वाटला तर वाट नसते. यूएमसी २२ मध्येही माइकची जागा एकच आहे, पण तेव्हा फक्त इंटरफेस बदलावा लागेल, हा माइक तसाच चालेल. यूएमसी २२ सोळा बिटवर रेकॉर्ड करतो, चोवीस नव्हे, असा आक्षेप आपण वाचाल. सोळा बिटमध्ये सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलची जागा असते आणि खोलीचाच आवाज तिशीच्या वर असताना ती आपल्याला भरपूर पुरते.

रकमेची वाटणी करताना निम्म्याहून थोडे अधिक माइकला, सुमारे तिसरा हिस्सा इंटरफेसला आणि उरलेले स्टँड, तार व पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) यांना असा विचार ठेवावा. एटी २०२० च्या खोक्यात स्टँडला लावायची पकड आणि एक पिशवी मिळते, तार मिळत नाही. ती घेताना दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर जोडणी आहे ना, हे हातात घेऊन पाहावे. एका टोकाला गिटारसारखा जाड जॅक असलेली तार स्वस्त मिळते, पण इंटरफेसची फँटम पॉवर जॅकच्या वाटेने माइकपर्यंत पोहोचत नाही. असा माइक पूर्ण मुका राहतो आणि लोक तो खराब समजून परत करतात. स्टँड आडव्या दांड्याचा, म्हणजे बूम असलेलाच घ्यावा, कारण आई जमिनीवर बसून गाणार आणि मध्ये पेटी असणार.

आता मांडणीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण हजार-दोन हजारांनी महाग माइक घेण्यापेक्षा माझ्या मते मांडणीने जास्त फरक पडतो. एटी २०२० मध्ये टोकाकडून नव्हे, तर कंपनीची खूण असलेल्या बाजूने गायचे असते. त्याची ग्रहणशक्ती कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचे स्पष्ट आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. म्हणून माइकची पाठ रस्त्याच्या खिडकीकडे होईल अशा रीतीने आईंना खिडकीकडे तोंड करून बसवावे, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर दोरी बांधून जाड गोधड्या टांगाव्यात, कारण माइकचे तोंड त्याच भिंतीकडे असते. खाली सतरंजी असावीच. माइक पेटीच्या पलीकडून, आईंच्या कपाळाच्या उंचीवर, तोंडापासून दीड फुटांवर आणि किंचित खाली झुकलेला ठेवावा. या जागी गळा पुढे राहतो आणि पेटी त्याच्या खालून साथ करते. पेटी कमी वाटली तर माइक चार बोटे खाली आणावा. मात्र भात्याच्या अगदी जवळ नेऊ नये, हवेचा फसफस आवाज येतो. माइक फार लांब नेण्याचा मोह टाळावा, कारण अंतर दुप्पट झाले की गळ्याचा आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा मात्र आहे तेवढाच राहतो. दीड फुटांवर आणि तिरक्या कोनात ‘प’, ‘भ’, ‘फ’ यांच्या फुंकरी बऱ्याच टळतात, तरी ‘पांडुरंग’, ‘भक्ती’ हे शब्द अभंगात पावलोपावली येतात, तेव्हा पॉप फिल्टर असू द्यावा.

पंखा बंद, फ्रीज असलेली खोली सोडून दुसरी खोली, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत चार्जरमुळे येणारी गुणगुण याने बहुधा थांबते. गेन लावताना आईंना सर्वांत चढी ओळ म्हणायला सांगावी आणि लॅपटॉपवर दिसणारा आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असे ठेवावे. प्रत्यक्ष गाताना माणूस तालमीपेक्षा जोरात गातो. फँटम पॉवर चालू किंवा बंद करताना गेन आधी शून्यावर आणावा.

ठाण्याच्या पावसाळ्याची एक काळजी आहे. कंडेन्सर माइकचा पडदा आणि मागची पट्टी यांच्यात विद्युतभार असतो, दमट हवेत तो गळू लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तडतड येते. काम झाले की माइक स्टँडवर तसाच ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि जून ते सप्टेंबर पुड्या बदलत राहाव्यात. तडतड आलीच तर डब्यात दोन-तीन दिवस कोरडा होऊ द्यावा, बहुतेक वेळा माइक पूर्ववत होतो. उन्हात ठेवू नये किंवा केस वाळवायच्या यंत्राने फुंकू नये.

माइक घरी आला की पहिल्या दिवशी अभंगाआधी नुसत्या रिकाम्या खोलीचे एक मिनिट रेकॉर्ड करावे आणि हेडफोन लावून ऐकावे. कोणता आवाज कोठून येतो ते त्यात कळते, आणि मग आईंना कोणत्या वेळी गायला बसवायचे ते ठरवता येते. आमच्याकडे ती वेळ पहाटे साडेपाचची निघाली.