डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) चाँटिया देवीचा पुजारी खेळायचा तर तो दिवसभर करतो काय?

थोडक्यात सांगायचं तर शेती. चाँटिया ही फर्गॉटन रेल्म्स या कल्पित जगातली धान्याची देवी. चिन्ह गव्हाच्या पेंढीवर गुलाब. तिचं मध्यवर्ती धर्मपीठ नाही. गावातले पुजारी एका बाजूला, रानात राहणारे 'ट्रू शेपर्स' दुसऱ्या बाजूला.

खेळायला मजा येते ती नियमांमुळे. रोज एखाद्या जिवाला फुलायला मदत करायची, बियाणं जपायचं, आणि दर दहा दिवसांत (तिथला आठवडाच दहा दिवसांचा!) एकदा तरी बी किंवा रोप लावायचं. आगीपासून लांब राहायचं. इथेच गंमत: आमच्या इंदूरच्या ग्रुपमध्ये, रामबागेत पोहे-जलेबी खाऊन बसतो आम्ही, एकाचा जादूगार सारखे आगीचे गोळे फेकतो. माझी पुजारीण अर्धा वेळ त्याच्याशीच भांडत असते.

शत्रू हवा असेल तर वादळाचा देव टालोस घ्या. पूजा कशी दाखवायची सुचत नसेल, तर आपल्याकडे घटस्थापनेला परडीत माती घालून धान्य पेरतात ते आठवा. मी तेच उचललं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हरकत घेतली नाही.