नायक आपण घडवावा की घडलेला स्वीकारावा?

प्रश्न : मी अनेक वर्षे ‘स्कायरिम’सारखे व्हिडिओ गेम खेळत आलो आहे. त्यांत नायकाचा वंश, चेहरा, कौशल्ये असे सारे मीच ठरवतो. मित्रांच्या आग्रहावरून अलीकडे ‘द विचर ३’ सुरू केला. पण त्यातला नायक गेराल्ट आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला माणूस आहे आणि मला त्याचा ना चेहरा बदलता येतो, ना आवाज. अशा खेळाला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एखादी भूमिका जगण्याचा खेळ, म्हणावे का? आणि त्यात माझे स्वातंत्र्य ते काय उरते?

उत्तर : अवश्य म्हणावे. या दोन प्रकारांतला महत्त्वाचा फरक चेहऱ्याचा नसून पात्राच्या भूतकाळावर कुणाचा हक्क आहे, याचा आहे. ‘स्कायरिम’च्या (२०११) आरंभी आपण हात बांधलेले कैदी म्हणून वधस्थानाकडे नेले जात असतो आणि त्याआधी आपण कोण होतो, हे खेळ जवळजवळ सांगतच नाही. ही मोकळी जागा आपण मनाने भरायची असते. मात्र तिची किंमतही असते, कारण ज्याचा भूतकाळ लेखकालाच ठाऊक नाही, त्याला त्या जगातले कुणी जुन्या ओळखीने हाक मारू शकत नाही. म्हणून अशा खेळांत नायकाला पराक्रमामुळे मान मिळतो, पण त्याच्यावर रागावणारा जुना स्नेही सहसा भेटत नाही.

‘द विचर ३’मध्ये (२०१५) नेमके उलट घडते. गेराल्टने सिरीला लेकीसारखे वाढवले आहे, हे कथेने आधीच ठरवलेले आहे. त्यामुळे ती खचलेली असताना तिला धीर द्यायचा की तिच्यासोबत बर्फाचे गोळे फेकत खेळायचे, महत्त्वाच्या भेटीला तिला एकटी जाऊ द्यायचे की सोबत जायचे, असे वरकरणी किरकोळ वाटणारे निर्णयच अखेरीस तिचे भवितव्य ठरवतात. हेच प्रसंग एखाद्या अनामिक, कोऱ्या नायकाच्या वाट्याला आले असते, तर त्यांना असे वजन येणे कठीण होते. आपल्या स्वातंत्र्याची व्याप्ती येथे कमी आहे हे खरे. पण जेवढे आहे तेवढे खोल आहे.

फसगत होते ती खेळाला दोन्ही हवे असते तेव्हा. ‘फॉलआउट ४’मध्ये (२०१५) चेहरा हवा तसा घडवता येतो, परंतु नायक विवाहित आहे, त्याच्या जोडीदाराची हत्या झाली आहे आणि तान्हा मुलगा पळवला गेला आहे, हे ठरलेले असते. शिवाय त्याला ध्वनिमुद्रित आवाज आहे आणि संभाषणात बहुधा चारच पर्याय मिळतात. मुलाच्या शोधात व्याकूळ झालेला पालक निवांतपणे वसाहती बांधत बसतो, तेव्हा लेखकाचे पात्र आणि आपले पात्र एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असतात. (आवाज हा खर्चाचाही प्रश्न आहे : नायक स्त्री वा पुरुष असू शकत असेल, तर त्याचे प्रत्येक वाक्य दोनदा ध्वनिमुद्रित करावे लागते आणि मग पर्यायांना कात्री लागते.) ‘फॉलआउट ४’च्याच कंपनीने ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) नायकाला पुन्हा मूक केले, हे मला तरी योग्य वाटते.

मधल्या वाटा कल्पकतेने काढणारेही आहेत. ‘मास इफेक्ट’मध्ये (२००७) शेपर्ड हे आडनाव कायम ठेवून बाकी नाव, चेहरा आणि पूर्वायुष्याची रूपरेषा खेळाडूवर सोपवली, त्यामुळे इतर पात्रांना त्याला मोठ्याने हाक मारण्याची सोय झाली. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ने (२००९) सहा वेगवेगळे आरंभ लिहिले आणि निवडलेल्या घराण्याची आठवण पुढे कथेत काढली. मला सर्वांत आवडलेली युक्ती ‘डिस्को एलिझियम’ची (२०१९). तिथला पोलीस तपास अधिकारी स्मृती हरवून जागा होतो, म्हणजे भूतकाळ लेखकाचा, पण तो आपल्यालाही त्याच्याइतकाच अपरिचित. त्याची कौशल्येच त्याच्या डोक्यात आवाज बनून बोलतात. आपण कोणत्या कौशल्यांना बळ देतो त्यावर कोणते आवाज वरचढ होतात हे ठरते आणि घडलेला माणूस आपल्या हातून नव्याने घडू लागतो.

तेव्हा गेराल्टसारख्या पात्रासमोर ‘मी असतो तर काय केले असते’ असे विचारण्याऐवजी ‘या माणसाला यातले काय शोभेल’ असे विचारून पाहावे.

प्रश्न : ‘बाल्डर्स गेट ३’ प्रथमच खेळणाऱ्याने स्वतःचे पात्र घ्यावे की तयार पात्रांपैकी एक?

उत्तर : स्वतःचे घ्यावे. अ‍ॅस्टेरियन, शॅडोहार्ट, कारलाक यांसारखी सहा तयार पात्रे न निवडल्यास सोबती म्हणून वाटेत भेटतातच आणि त्यांची गुपिते त्यांच्याच तोंडून हळूहळू उलगडत जाण्यात मौज आहे. त्यांच्यापैकी एक होऊन खेळलात, तर त्या पात्राला बाहेरून ओळखण्याची संधी जाते. कथेशी घट्ट बांधलेला भूतकाळ हवाच असेल, तर ‘डार्क अर्ज’ नावाचा नायक निवडावा : त्याचे रूप आणि वर्ग (योद्धा, जादूगार असा पेशा) आपल्या हाती असतात, रक्तरंजित पूर्वायुष्य मात्र लेखकाचे. तो पर्याय पुरेसा हिंसक आहे, एवढे ध्यानात ठेवावे.